अय्यंगार योग फक्त ज्येष्ठांसाठी नाही

योगाच्या दोन पद्धतींवरच्या एका लेखात अष्टांग विन्यास तरुणांसाठी आणि अय्यंगार पद्धत ज्येष्ठांसाठी, अशी वाटणी केली आहे. ती पटत नाही. अष्टांग विन्यासाचे पट्टाभी जोइस आणि अय्यंगार पद्धतीचे बी. के. एस. अय्यंगार दोघेही म्हैसूरला योगगुरू कृष्णमाचार्यांकडे शिकले. अष्टांग विन्यासात श्वासाबरोबर ठरलेल्या क्रमाने आसनं होतात, अय्यंगार पद्धतीत एकच आसन बराच वेळ धरून शरीराची ठेवण सुधारतात. तरुणालाही त्यात घाम फुटतो!

अय्यंगार पद्धतीत ब्लँकेट, पट्टा अशी साधनं वापरतात, पण साधनं म्हणजे कमजोरी नव्हे. सर्वांगासनच (खांद्यांवर भार घेऊन पाय सरळ वर नेण्याचं आसन) घ्या. सपाट जमिनीवर केलं तर मान जास्त वाकते आणि भार मानेच्या मणक्यांवर येतो. म्हणून तीन-चार ब्लँकेटं नीट घडी घालून एकावर एक ठेवायची, घडीची गोल कड मानेकडे. खांदे कडेच्या थोडे आत, डोकं खाली जमिनीवर. कोपरं फाकत असतील तर त्यांच्या जरा वर, खांद्याच्या रुंदीइतका पट्टा बांधावा. वर गेल्यावर मान अजिबात वळवू नका. घशावर किंवा डोळ्यांवर दाब जाणवला तर लगेच खाली या. काचबिंदू, अनियंत्रित रक्तदाब किंवा मानेचं दुखणं असेल तर हे आसन टाळा. मानेच्या दुखण्यात भिंतीला पाय टेकवून विपरीत करणी करता येते, तीही शिक्षकांना विचारूनच.