'अगर्तल' म्हणजे कोकराच्या रक्ताचं भांडं? नाही

बायबल अभ्यासाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय. मलाच तो तिघांनी पाठवला. बायबलातल्या एज्रा या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात, 9 व्या वचनात, इराणच्या सायरस राजाने (मराठी बायबलातला कोरेश) जेरुसलेमला परत पाठवलेल्या मंदिरातल्या भांड्यांची यादी सुरू होते : सोन्याचे 30 'अगर्तल', चांदीचे 1000. हिब्रू बायबलात हा शब्द या एका वचनाबाहेर कुठेच नाही. संदेश म्हणतो, हा 'आगर' म्हणजे गोळा करणे आणि 'तालेह' म्हणजे कोकरू यांचा जोडशब्द. म्हणून अर्थ, कोकराचं रक्त धरायचं भांडं.

"आगर अधिक तालेह."

ही फोड आजची नाही, जेरुसलेम तालमूदातही (ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांचा जुना संग्रह) आहे. पण जुनी आहे म्हणून खरी ठरत नाही. 'बादली'ची फोड कोणी 'बाद झालेलं पाणी घेते ती' अशी केली तर आपण हसू, कारण तो पोर्तुगीज 'बाल्दे' आहे हे आपल्याला माहीत असतं. इथेही तोच प्रकार. हिब्रू शब्द सहसा तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो. अगर्तलमध्ये पाच आहेत : आलेफ, गिमेल, रेश, तेत, लामेद. क्रियापद आणि नाम असे चिकटवून भांड्याला नाव देण्याची हिब्रूची रीत नाही. शिवाय 'आगर' बायबलात येतो तो पिकापाण्यासाठी : नीतिसूत्रांतली मुंगी कापणीच्या दिवसांत अन्न साठवते, तिथे हाच धातू आहे. आणि या फोडीत रक्त कुठे आहे? ते पदरचं घातलेलं. वेदीवर रक्त शिंपडायच्या भांड्याला हिब्रूत स्वतंत्र शब्द आहे, 'मिझराक', 'झारक' म्हणजे शिंपडणे यावरून.

"पवित्र भांड्यांच्या यादीत परका शब्द येईलच कसा?"

आलाय की. आदल्याच वचनात भांडी मोजून देणारा मिथ्रदाथ 'गिझबार' आहे, आणि हा शब्द इराणी 'गंझबर', म्हणजे खजिनदार. मथुरेला शक राज्यकर्ता महाक्षत्रप शोडासाच्या काळातल्या शिलालेखात 'गंजवर' भेटतो तो याच घराण्यातला. मिथ्रदाथच्या नावात मिथ्र देव आहे, आपल्या वेदांतल्या मित्राचा भाऊबंद. इराणी दरबारातला खजिनदार भांडी मोजून यहूदाचा अधिपती शेशबस्सर याच्या हवाली करतोय. अशा कागदात परकी नावं सापडली नसती तरच नवल. आपल्या हळदीकुंकवाचं तबक तरी कुठून आलं? अरबीतून.

संदेशाखाली कोणीतरी उलट टोकाचं उत्तर जोडलंय : "हा ग्रीक 'कार्तालोस', म्हणून एज्राचं पुस्तक सिकंदरानंतरचं." हेही घाईचं. कार्तालोस म्हणजे निमुळत्या बुडाची टोपली. हिब्रू बायबल ग्रीकमध्ये नेणाऱ्यांना तो शब्द तोंडपाठ होता. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 26 व्या अध्यायातल्या पहिल्या फळांच्या टोपलीला त्यांनी तोच वापरला. अगर्तलसाठी मात्र नाही वापरला. आणि हित्ती या आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन भाषेत 'कुर्तल' नावाचं पात्र आहे. हित्ती साम्राज्य इसवीसनपूर्व 1200 च्या सुमारास कोसळलं, सिकंदराच्या कितीतरी आधी. माझं मत असं की अगर्तल आणि कार्तालोस एकाच जुन्या, फिरत्या शब्दाची पोरं असावीत. बाजारातल्या भांड्यांची नावं अशीच गावोगाव जातात. मधला रस्ता आखून दाखवता येत नाही, पण त्यावरून पुस्तकाचा काळ ठरवणं तर मुळीच जमत नाही.

"सगळी जुनी भाषांतरं हाच अर्थ देतात."

एकही देत नाही. एका ग्रीक भाषांतरात इथे दारू गार ठेवायचं भांडं आहे. दुसऱ्या ग्रीक आवृत्तीत देवाला पेय अर्पण करायचा पेला, आणि तिथे सोन्याचे 30 नव्हे, 1000. (आकड्यांचा घोळ हिब्रूतही आहे : यादीची बेरीज 2499, खाली लिहिलंय 5400.) लॅटिनमध्ये उथळ वाटी. 1611 च्या इंग्रजी बायबलात 'चार्जर', तेव्हाच्या भाषेत मोठं ताट. आजच्या पोरांना तिथे फोनचा चार्जर दिसतो. रक्त, कोकरू कुठेच नाही. मराठीत मला विचाराल तर मी सरळ 'सोन्याची 30 ताटं' लिहीन, आणि खाली बारीक टाइपात : नक्की आकार माहीत नाही.