ऐंशीला गाडी काढा, मागे कुणीतरी उभं आहे

मे महिना, दुपारचा दीड. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. तिला नागपूरला दाखवून आम्ही इलेक्ट्रिक गाडीनं आर्णीला परत निघालो होतो. देवळी मागे टाकली आणि कळंबच्या अलीकडे एका ढाब्यावर चार्जर आहे तिथं थांबलो. बॅटरीत १८ टक्के उरले होते. गन, म्हणजे गाडीला लावायचा चार्जिंगचा प्लग, एकच, आणि तिला आधीच एक गाडी लागलेली. स्क्रीनवर आकडा ८६. तिच्या मागे यवतमाळचे एक गुरुजी काच खाली करून बसलेले. माझा नंबर तिसरा.

पहिल्या गाडीचे मालक आत जेवत होते. गुरुजी त्यांना विचारून आले होते. "जेवून रायलो भाऊ, शंभर झाले की काढतोच." माणूस उद्धट नव्हता. शेवटच्या चौदा टक्क्यांना किती वेळ लागतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी घड्याळ लावून पाहिलं, ९१ चे ९२ व्हायला चार मिनिटं लागली. डोळ्यावर काळा चष्मा लावलेली आई मागच्या सीटवरून दर थोड्या वेळानं विचारायची, "अजून किती टाइम लागते बाप्पा?" आमचा नंबर लागेपर्यंत साडेतीन वाजले.

ज्यांनी बंडीत (बैलगाडीत) कापूस भरला आहे त्यांना हे लगेच कळेल. सुरुवातीला कवळच्या कवळ टाकत जायचं, बंडी झरझर भरते. वर आलं की मात्र आत उतरून तुडवावं लागतं, तेव्हा कुठं आणखी दोन कवळ मावतात. बॅटरीचंही तसंच आहे. ऐंशी टक्क्यांच्या पुढे सेलवर ताण येऊ नये म्हणून गाडी स्वतःच करंट कमी करत जाते. १० ते ८० ला एक तास लागत असेल, तर ८० ते १०० लाही जवळपास तेवढाच वेळ जाऊ शकतो. म्हणजे समोरच्या दोघांनी ऐंशीला गाडी काढली तर तिसरा दोन तास थांबतो आणि दोघंही शंभराला अडून बसले तर चार तास. चार्जर तोच, वीज तीच.

म्हणून माझी पहिली विनंती आपल्याच लोकांना आहे. पुढचा टप्पा ऐंशीत गाठता येत असेल तर गाडी काढा. जेवायला बसायचं असेल तर काचेच्या आत मोबाईल नंबर लिहिलेला कागद ठेवा. चार्जर चालवणाऱ्यांनीही मागे रांग असेल तेव्हा ऐंशीच्या पुढच्या वेळेचे वेगळे पैसे लावावेत. लोक चिडतील, पण गाडी काढतील.

दुसरं, मोठ्या आकड्यांच्या बोर्डाला भुलू नका. १२० किलोवॅटचा एक चार्जर बसवला की बातमी होते, पण आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या २५ ते ५० च्या वर ओढतच नाहीत. त्याच पैशात लहान लहान तीन-चार गन बसल्या तर रांग खरी तुटते. आणि त्यावर टिनाचं शेड हवं! पंचेचाळीस डिग्रीत उघड्यावरचा चार्जर तापतो, गाडीची बॅटरीही तापते आणि दोघंही वेग कमी करतात. उन्हात स्क्रीनवरचं अक्षर दिसत नाही ते वेगळंच. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये महामार्गावर दर २५ किलोमीटरला, दोन्ही बाजूंनी, किमान एक स्टेशन असावं असं म्हटलं होतं. अंतराचा हिशोब बरोबर आहे. पण एकच गन असलेलं स्टेशन ती गन बिघडली की शून्य होतं आणि ॲपवर मात्र हिरवंच दिसत राहतं. ते पाहून माणूस वीस किलोमीटर वाकडी वाट करून येतो.

पण सगळ्यात जास्त मनात सलतं ते वेगळंच. त्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यात आम्ही चार तास बसून होतो. गाडी खाली पार्किंगमध्ये नुसती उभी. तिथं सात किलोवॅटचा साधा एसी (हळू चार्जिंगचा) पॉइंट असता तर चार तासांत २८ युनिट भरले असते आणि ढाब्यावर थांबायची वेळच आली नसती. गुरुजी त्या दिवशी लग्नाहून येत होते. सकाळपासून त्यांचीही गाडी मंगल कार्यालयाच्या लॉनजवळ उभी होती. मंगल कार्यालय, कोर्ट, बाजार समिती, तहसील, दवाखाना, जिथं माणूस तीन-चार तास अडकतोच तिथं हे हळू चालणारे पॉइंट द्या. यांना फास्ट चार्जरसारखी लाखोंची मशीन लागत नाही आणि स्वतंत्र डीपीही सहसा लागत नाही. मग हायवेवरची गन खरोखर लांब जाणाऱ्यासाठी मोकळी राहील. गावातल्यांनी घरी १५ ॲम्पियरच्या प्लगवर, नीट अर्थिंग करून, रात्रभर लावली तरी सकाळपर्यंत २४-२५ युनिट होतात.

आणि नंबर. कापूस घेऊन खरेदी केंद्रावर गेलो की टोकन मिळतं. पिठाच्या गिरणीवर डबा रांगेत ठेवून आपण घरी जातो, नंबर कुणी मारत नाही. चार्जरवर मात्र जो आधी गन हातात घेईल त्याचा नंबर. परवा त्याच ढाब्याच्या मालकाला भेटलो आणि सांगितलं, गल्ल्याजवळ एक वही ठेवा, गाडी नंबर, आल्याची वेळ आणि मोबाईल एवढंच लिहायचं. ते म्हणाले, "ठेवतो ना भाऊ, रोजची भांडणं मलेच सोडवा लागतात."

पुढच्या महिन्यात आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. वही ठेवली का ते जाताना पाहीन आणि इथंच कळवीन. आर्णी, दारव्हा, दिग्रस, उमरखेड भागात कुणाचं मंगल कार्यालय किंवा दवाखाना असेल आणि पॉइंट बसवायचा विचार असेल तर मेसेज करा. वायरिंगचा आणि मीटरचा खर्च किती येतो ते आपण मिळून काढू.