‘कॅसिनोवाल्यांना देणगी कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत थँक्सगिव्हिंगच्या सुमारास एक मजकूर हटकून फिरतो. मूळ अमेरिकनांना सरकार सगळे फुकट देते, ते कर भरत नाहीत आणि कॅसिनोंमुळे गब्बर झाले आहेत, असे त्यात म्हटलेले असते. देणगी द्यायचीच असेल तर नावाजलेल्या मोठ्या संस्थेला द्यावी, कारण मूळ अमेरिकनांच्या स्वतःच्या संस्थांना हिशेब जमत नाही, असा सल्लाही सोबत असतो.

‘फुकट’ या शब्दापासून सुरुवात करू. 1868 च्या करारात नवाहो या जमातीच्या लोकांनी ठरवून दिलेल्या सीमेबाहेरच्या प्रदेशावरचा हक्क सोडला. त्याच करारात सरकारने दर तीस मुलांमागे एक शाळागृह आणि एक शिक्षक देण्याचे कबूल केले. म्हणजे शाळा आणि दवाखाने ही खैरात नसून घेतलेल्या जमिनीची किंमत आहे, आणि तीसुद्धा पुरती चुकती झालेली नाही. 2017 साली मूळ अमेरिकनांसाठीच्या सरकारी आरोग्यसेवेचा (इंडियन हेल्थ सर्व्हिस) माणशी खर्च सुमारे 4,078 डॉलर होता, तर गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेचा 8,109.

कराबद्दल फार लिहायला नको. आपल्याच जमातीच्या राखीव प्रदेशात राहून तिथेच कमावलेल्या उत्पन्नावर राज्याचा आयकर लागत नाही, एवढेच खरे आहे. संघराज्याचा आयकर त्यांनाही भरावा लागतो आणि कॅसिनोच्या नफ्यातून वाटलेल्या रकमेवरही तो लागतो.

कॅसिनोंचा मुद्दा अर्धवट माहितीवर उभा आहे. मान्यताप्राप्त जमाती पावणेसहाशेच्या आसपास आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून कमी जमाती कॅसिनो चालवतात. जमातींच्या कॅसिनोंविषयीच्या 1988 च्या कायद्याने नफा कशावर खर्च करायचा हेही बांधून दिले आहे, आणि तो सदस्यांना वाटायचा तर सरकारची मंजुरी लागते. मोठी कमाई होते ती शहरालगतच्या कॅसिनोंची. साउथ डकोटातल्या पाइन रिज या राखीव प्रदेशात कॅसिनो आहे, तरीही तिथला ओग्लाला लकोटा जिल्हा देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत मोडतो. त्या माळरानावर गिऱ्हाईक येणार कोठून?

हिशेबाचा आक्षेप मात्र सविस्तर उत्तराच्या लायकीचा आहे, कारण सुशिक्षित माणसेही तो सहज करतात. रिबेका अ‍ॅडमसन या चेरोकी वंशाच्या बाईंनी 1980 मध्ये ‘फर्स्ट नेशन्स डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट’ स्थापन केली. देणग्या गोळा करून जमातींमधल्या लहान संस्थांना अनुदान देणे हे तिचे आजचे मुख्य काम आहे. तिच्याच पुढाकाराने 1986 मध्ये पाइन रिजवर ‘लकोटा फंड’ उभा राहिला. तिथल्या बऱ्याचशा जमिनी सरकारच्या विश्वस्ततेखाली असल्याने त्या गहाण ठेवायला वॉशिंग्टनच्या यंत्रणेची परवानगी लागते, त्यामुळे बँका सहसा वाटेला जात नाहीत. या फंडाने बांगलादेशच्या ग्रामीण बँकेचा नमुना घेऊन मणीकाम आणि तत्सम घरगुती उद्योग करणाऱ्यांना गटाच्या भरवशावर छोटी कर्जे दिली. बचत गट पाहिलेल्या मराठी वाचकाला ही पद्धत वेगळी समजावून सांगायला नको. 2012 मध्ये याच प्रयत्नांतून तिथे पतसंस्थाही सुरू झाली.

मार्च 2020 मध्ये करोना पसरू लागला तेव्हा नवाहोंच्या माजी महाधिवक्ता एथेल ब्रँच यांनी नवाहो आणि होपी कुटुंबांसाठी ऑनलाइन मदतनिधी उभारला. मराठवाड्यापेक्षाही मोठ्या नवाहो प्रदेशात किराणा मालाची मोठी दुकाने जेमतेम तेरा, सुमारे तीस टक्के घरांत नळ नाही आणि कित्येक घरांना पत्ताच नाही. कच्च्या रस्त्याच्या टोकाला कोणती आजी एकटी राहते आणि तिच्याशी नवाहो भाषेतच बोलावे लागते, हे तिथल्या स्वयंसेवकांना कोणी सांगावे लागत नव्हते. त्यांनी धान्याची खोकी आणि पाणी दाराशी पोचवले. आयर्लंडमधूनही देणग्यांचा ओघ आला, कारण तिथल्या दुष्काळात 1847 साली चॉक्टॉ या दुसऱ्या मूळ अमेरिकन जमातीने पाठवलेली मदत आयरिश लोक विसरलेले नव्हते.

असे असूनही 2002 ते 2016 या काळात अमेरिकेतल्या मोठ्या प्रतिष्ठानांच्या अनुदानांपैकी सरासरी 0.4 टक्केच रक्कम मूळ अमेरिकनांशी संबंधित कामांना मिळाली. हिशेब जमत नाही म्हणायचे आणि हिशेब ठेवण्याइतका पैसाही द्यायचा नाही, असा हा प्रकार आहे.

शेवटी, ‘नावाजलेल्या’ संस्थांविषयी. साउथ डकोटातल्याच एका निवासी मिशनरी शाळेने देणग्या मागताना काल्पनिक मुलांच्या नावाने करुण पत्रे पाठवल्याचे 2014 मध्ये उघड झाले. पत्रकावरचे पिसांचे चित्र संस्था कोणाची आहे हे सांगत नाही. संचालक मंडळावर कोण आहे आणि पैसा कशावर जातो, हे संस्थेने कर खात्याला दरवर्षी द्यायच्या ‘फॉर्म 990’ या विवरणपत्रात दिसते, आणि तो कोणालाही पाहता येतो.