बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार कंट्रीत परकी? अहो, ती आधी कंट्रीतच वाजली

गेले काही दिवस गिटारवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय, मला स्वतःला तो चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: बारा तारांची (म्हणजे तारांच्या सहा जोड्यांची) इलेक्ट्रिक गिटार ही रॉकची, 1964 साली बीटल्समुळे जन्माला आली, कंट्री म्यूझिकशी, म्हणजे अमेरिकेच्या गावाकडच्या संगीताशी, तिचं काही नातं नाही. कंट्री म्हणजे टेलिकास्टर (फेंडर कंपनीची सहा तारांची इलेक्ट्रिक गिटार) आणि पेडल स्टील (आडवी ठेवून, तारांवर लोखंडी दांडी फिरवून आणि पायाने पेडल दाबून वाजवायची गिटार), तीच खरी परंपरा, जोड तारांचा आवाजच कंट्रीचा नाही. बारा तारांची छमछम घुसवली की पेडल स्टील दबते, बेंड (तार खेचून सूर वर चढवणं) मारता येत नाहीत, गिटार ट्यूनमध्ये राहत नाही, आणि बर्ड्स या अमेरिकन रॉक बँडचा बारा-तारीवाला रॉजर मॅग्विन जेव्हा कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलला कंट्री अल्बम करायला गेला तेव्हा त्यानेसुद्धा ती बाजूला ठेवली, मग बाकीच्यांनी कशाला हट्ट धरायचा.

मी ही गिटार बरीच वर्षं वाजवतोय, कंट्रीच वाजवतोय, आणि हा मेसेज वाचून खरंच वाईट वाटलं, कारण तो लिहिणाऱ्याला कंट्रीबद्दल प्रेम आहे हे दिसतं पण ज्या परंपरेचं नाव घेऊन तो बोलतोय त्या परंपरेतलं सगळ्यात मजेशीर पानच त्याने उघडलेलं नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

1964 पासून सुरू करू. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनला फेब्रुवारी 1964 मध्ये न्यूयॉर्कला रिकनबॅकर कंपनीची बारा तारांची गिटार मिळाली, हे खरं. पण रिकनबॅकरने बनवलेली पहिली बारा-तारी ती नव्हे, पहिली गेली लास वेगासच्या कसिनोंमध्ये कार्यक्रम करणाऱ्या सुझी आर्डनकडे, हॅरिसनची त्यानंतरची. आणि रिकनबॅकरच्या आधी 1961 मध्येच डॅनइलेक्ट्रोने बेलझूकी नावाची बारा तारांची इलेक्ट्रिक काढली होती, गिब्सनची दोन मानांची गिटार, एक मान बारा तारांची आणि एक सहाची, ती तर 1958 ची. म्हणजे "1964 ला जन्म" इथेच गेलं.

पण खरी गोष्ट त्याच्याही मागची आहे. मिसूरी राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड गावात स्ट्रॅटोस्फिअर नावाची एक छोटी कंपनी होती, तिने 1954 च्या सुमारास ट्विन नावाची दोन मानांची इलेक्ट्रिक गिटार बनवली, एक मान सहा तारांची, दुसरी बारा तारांची. ही गिटार हातात घेतली जिमी ब्रायंटने. आता जिमी ब्रायंट कोण? तर लॉस एंजेलिसमधला कंट्री आणि वेस्टर्न स्विंगचा (कंट्रीत जॅझची नाचरी लय मिसळलेला प्रकार) गिटारवाला, मूळचा जॉर्जियाचा, आधी फिडल (व्हायोलिन) वाजवणारा, आणि फेंडरची ती पाटासारखी सॉलिड गिटार, जिला पुढे टेलिकास्टर म्हणायला लागले, ती वाजवून दाखवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या लोकांपैकी एक. म्हणजे ज्या टेलिकास्टरच्या नावाने हा मेसेज शपथ घेतो, तिला कंट्रीत मान मिळवून देणाऱ्या माणसानेच बारा तारांची इलेक्ट्रिकही वाजवली आणि तीही बीटल्सच्या 10 वर्षं आधी! कॅपिटल रेकॉर्ड्ससाठी 1954 मध्ये त्याने स्पीडी वेस्टबरोबर स्ट्रॅटोस्फिअर बूगी रेकॉर्ड केलं. स्पीडी वेस्ट पेडल स्टीलवर, ब्रायंट बारा तारांवर. हे वाक्य परत एकदा वाचा, कारण "पेडल स्टील आणि बारा तारा एकत्र नांदत नाहीत" या मुद्द्याचंही उत्तर त्यातच आहे.

त्या गिटारच्या तारांची लावणीसुद्धा (ट्यूनिंग) वेगळी होती. आज आपण बारा तारांत खालच्या चार जोड्या सप्तकाच्या अंतराने आणि वरच्या दोन एकाच सुरात लावतो. ब्रायंटच्या जोड्या थर्डमध्ये लावलेल्या, काही मेजर थर्ड (सा ते शुद्ध ग), काही मायनर थर्ड (सा ते कोमल ग), त्यामुळे एक बोट दाबलं की दोन सूर हार्मनीत एकदम उठायचे, आणि तो ज्या वेगाने वाजवायचा त्या वेगाने दोन माणसं जुळवून वाजवतायत असंच वाटतं. वेस्टर्न स्विंगमध्ये दोन फिडल किंवा दोन गिटार हार्मनीत वाजवायची पद्धत होतीच, तीच एका माणसाच्या हातात आणायची म्हणून ही लावणी. म्हणजे हे वाद्य कंट्रीत चुकून शिरलेलं नाही, कंट्रीच्याच गरजेला ते बसलं. अर्थात ती लावणी अवघड, मायनर कॉर्डला लगेच वांधे होतात, आणि ती कंपनीही फार काळ चालली नाही. पण रेकॉर्ड आहे, कुणीही ऐकावं.

मग परंपरेचा मुद्दा. पेडल स्टील म्हणजे जणू कंट्रीचं कुलदैवत, ती पहिल्यापासून होतीच, असं त्या मेसेजमध्ये गृहीत धरलंय. स्टील गिटार मुळात हवाईची. आणि पेडल दाबून वाजत असलेला सूर खेचायचा, तो रडका खेच जो ऐकून आपण लगेच म्हणतो की हां, हे कंट्री, तो लोकांच्या कानावर पडला वेब पिअर्सच्या स्लोली या गाण्यात, वाजवणारा बड आयझॅक्स, साल 1954. तेच 1954! म्हणजे एक वाद्य सत्तर वर्षांचं म्हणून परंपरा आणि दुसरं त्याच वर्षीचं असून उपरं, हे कुठल्या हिशोबाने? ड्रम्सचं बघा, 1944 ला वेस्टर्न स्विंगवाला बॉब विल्स ग्रँड ओल ऑप्रीवर, म्हणजे नॅशव्हिलच्या मानाच्या कंट्री रेडिओ कार्यक्रमात, ड्रमर घेऊन आला तेव्हा त्यावरून किती कुरबुर झाली, आज ड्रम्सशिवाय कंट्री बँड दाखवा. कंट्री गायक बक ओवेन्सने 1965 मध्ये जाहीर शपथ घेतली होती की मी कंट्री सोडून दुसरं काही गाणार नाही, आणि 1969 मध्ये त्याच बक ओवेन्सच्या रेकॉर्डवर फझ गिटार, म्हणजे फाटक्या, खरखरीत आवाजाची रॉकवाली गिटार, आली. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डच्या कंट्रीचा खुद्द राजा तो, आणि त्यामुळे तो कमी कंट्री झाला असं मला तरी कधी वाटलं नाही.

आता "जोड तारांचा आवाजच कंट्रीचा नाही" हे म्हणणं. याला उत्तर एका शब्दात आहे, मँडोलिन. आठ तारा, चार जोड्या, प्रत्येक जोडी एकाच सुरात. बिल मन्रो 1939 पासून ऑप्रीवर हेच वाद्य घेऊन उभा होता. आपल्याकडे तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा ज्याने लावल्यात त्याला कळेल मी काय म्हणतोय, दोन तारा अगदी एकजीव केल्या तरी त्यांच्यात एक बारीकशी थरथर राहते आणि आवाज रुंद होतो, मँडोलिनचं तेच, बारा-तारीचं तेच.

आणि नॅशव्हिलच्या स्टुडिओत तर याहून गंमत आहे. तिथे एक पद्धत आहे जिचं नावच नॅशव्हिल ट्यूनिंग. करायचं काय, तर बारा तारांचा सेट घ्यायचा, त्यातल्या बारीक, वरच्या सप्तकाच्या तारा साध्या सहा-तारी गिटारवर चढवायच्या, जाड तारा बाजूला ठेवायच्या, म्हणजे खालच्या चारही तारा एक सप्तक वर लागतात. मग एक साधी अकूस्टिक एका कानात आणि ही दुसऱ्या कानात. हे म्हणजे बारा-तारी गिटार मधोमध चिरून दोन बाजूंना ठेवलेली आहे, दुसरं काही नाही. नॅशव्हिलच्या ए-टीममधला, म्हणजे तिथल्या स्टुडिओंच्या ठरलेल्या वादकांपैकी, रिदम गिटारवाला रे एडेंटन तिसरी तार सप्तकभर वर लावून वाजवायचा, तीही याच घरातली युक्ती. कितीतरी कंट्री रेकॉर्डवर अकूस्टिकच्या मागे जी चमक ऐकू येते ती अशी बनलेली असते. तिथे अर्धी बारा-तारी चालते आणि पूर्ण चालत नाही?

मॅग्विनच्या उजव्या हाताकडे कुणी बघतच नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. तो शिकागोच्या ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्यूझिकमध्ये शिकलेला, पाच तारांचा बँजो वाजवणारा. अंगठा आणि पहिल्या बोटात साधा पिक (तार छेडायचा छोटा तुकडा), मधल्या दोन बोटांवर धातूचे पिक, आणि त्या हाताने तो रिकनबॅकरवर जे वाजवतो ते बँजोचे रोल आहेत, म्हणजे तारा एकामागून एक बोटांनी छेडत जाणं. ती छमछम जिला सगळे इंग्लंडहून आलेला रॉकचा आवाज समजतात, त्यातली गिटारची कल्पना बीटल्सच्या सिनेमावरून आली हे खरं, पण बोटं बँजोची. त्याच्या शेजारी बेस वाजवणारा ख्रिस हिलमन तर ब्लूग्रासमधला, म्हणजे बँजो-फिडलच्या अकूस्टिक कंट्रीतला, मँडोलिनवाला. 1965 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या बर्ड्सच्या दुसऱ्या अल्बमवर सॅटिस्फाइड माइंड आहे, जे त्याच्या 10 वर्षं आधी पोर्टर वॅगनरने गाजवलेलं अस्सल कंट्री गाणं.

पेडल स्टील दबते, या तक्रारीत थोडं तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. बारा-तारीवर तुम्ही सहाच्या सहा जोड्या चारही मात्रांना ढवळत बसलात तर स्टीलच काय, गाणारा पण दबेल. वरच्या सप्तकाच्या तारा आणि स्टील साधारण एकाच उंचीच्या सुरांत बोलतात. पण हा दोष वाजवण्याचा आहे. मी स्वतः सुरुवातीला हेच करायचो, आमचा स्टीलवाला दोन गाणी गप्प बसला आणि मग शांतपणे म्हणाला की तू थांबलास की मी सुरू करतो, चालेल? तेव्हापासून मी तीन-चार जोड्यांचे तुटक रोल वाजवतो, गाण्याच्या ओळीखाली, आणि ओळ संपली की हात उचलतो, ती जागा स्टीलची. हे जमतं याचा पुरावा हवा असेल तर डेझर्ट रोझ बँड ऐका, हिलमनचाच पुढचा बँड, पेडल स्टीलवर जे डी मॅनेस, गिटारवर जॉन जॉर्गन्सन, बारा-तारीची चमक आणि स्टील शेजारी शेजारी, आणि 1988 मध्ये त्यांचं ही'ज बॅक अँड आय'म ब्लू अमेरिकेच्या कंट्री चार्टवर पहिल्या नंबरला होतं. रॉकच्या नाही, कंट्रीच्या.

बेंडचं काय? वरच्या दोन जोड्या एकाच सुरातल्या असतात, त्या खेचता येतात पण बोटं दुखतात आणि दोन्ही तारा सारख्या सरकत नाहीत, खालच्या जोड्या तर विसराच. बरोबर. पण बँडमधल्या प्रत्येक वाद्याने बेंड मारलाच पाहिजे असा नियम कुणी केला? मँडोलिनवाला कुठे खेचतो? 1968 ते 1973 या काळात बर्ड्सच्या स्टेजवर हेच वाटप होतं, क्लॅरन्स व्हाइट टेलिकास्टरवर, त्यात जीन पार्सन्सबरोबर बनवलेली ती बी-बेंडरची यंत्रणा, गिटार खाली दाबली की खांद्यावरच्या पट्ट्यामुळे दुसरी तार पूर्ण एक सूर वर जायची, स्टीलसारखी, आणि शेजारी मॅग्विन बारा तारांवर. एकाने खेचायचं, दुसऱ्याने पसरायचं.

ट्यूनिंगबद्दल फार बोलत नाही. जुन्या रिकनबॅकरच्या ब्रिजवर बारा तारांना सहाच सॅडल (तार टेकते तो तुकडा), त्यामुळे जोडीतल्या दोन्ही तारा वरच्या फ्रेटवर अचूक बसत नाहीत. फेंडरने 1965 च्या इलेक्ट्रिक ट्वेल्व्हला बारा सॅडल दिले, प्रश्न तिथेच सुटला. नव्या तारा नीट ताणून घ्या, वेळ द्या, राहते. पेडल स्टीलवाल्यांना विचारा त्यांना किती वेळ लागतो.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि त्या मेसेजमधला हाच एक मुद्दा मला वजनदार वाटतो. 1968 चा बर्ड्सचा अल्बम स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ, नॅशव्हिल आणि लॉस एंजेलिसमध्ये रेकॉर्ड झालेला, त्यावर स्टील आहे, बँजो आहे, आणि मॅग्विनची ती रिकनबॅकर जवळजवळ ऐकूच येत नाही. हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण त्यावरून "वाद्य कंट्रीचं नाही" हा निष्कर्ष निघत नाही. लांब केसवाल्या पोरांचा एक रॉक बँड नॅशव्हिलला गेलाय, 15 मार्च 1968 ला रायमन ऑडिटोरियममध्ये ऑप्रीवर उभा आहे, समोरचे लोक थंड, काही तर नाराज, अशा वेळी आपण कंट्रीच वाजवतोय हे पटवून द्यायला त्यांनी आपली ओळख असलेला आवाजच खाली ठेवला. मला ती नम्रता वाटते. थोडी भीतीसुद्धा असेल.

आणि गोष्ट तिथे संपली नाही. 2018 मध्ये त्या अल्बमला 50 वर्षं झाली म्हणून मॅग्विन आणि हिलमन परत दौऱ्यावर निघाले, बरोबर मार्टी स्टुअर्ट आणि त्याचा बँड. मार्टी म्हणजे 1992 पासून ऑप्रीचा सभासद, पुढे कंट्री म्यूझिक हॉल ऑफ फेममध्ये गेलेला, कंट्रीच्या जुन्या वस्तू जिवापाड जपणारा माणूस, क्लॅरन्स व्हाइटची ती बेंडरवाली टेलिकास्टर आता त्याच्याकडे आहे. तो दौरा रायमनलाही गेला. त्याच स्टेजवर मार्टीच्या गळ्यात क्लॅरन्सची टेलिकास्टर, आणि मॅग्विनच्या गळ्यात या वेळी रिकनबॅकर, बाराच्या बारा तारांसकट.