सोड्यात लाल होणं, हा हळदीचाच गुण

सध्या आमच्या हिंगोली-वसमतकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. हळदीत सोडा किंवा साबणाचं पाणी टाका. लाल झाली तर भेसळ, जितकी लाल तितका रंग जास्त, आणि पाण्यात तळाशी बसली तर शुद्ध. तो बघून पुतणीने घरी प्रयोग केला आणि रडवेली होऊन विचारलं, "आबा, आपल्या हळदीत कलर हाय का?" स्वतःच्या रानातली हळद काढून, शिजवून, वाळवून हळकुंडं दळून आणणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. मला ते फार लागलं.

लाल होणं हा हळदीचा स्वतःचा गुण आहे. तिच्यात साधारण २ ते ५ टक्के कर्क्युमिन असतं. सोडा, साबण, चुना हे आम्लारी. त्यांच्या संगतीत कर्क्युमिनच्या रेणूतला हायड्रोजन आयन निघून जातो, रेणू प्रकाश वेगळ्या तऱ्हेने शोषतो आणि पिवळ्याचा तांबडा दिसतो. लिंबू पिळलं की आयन परत मिळतो, रंगही परततो. शाळेच्या पुस्तकात हळदीला नैसर्गिक दर्शक म्हणतात ते यासाठीच. हळदीला चुना लावून कुंकू करायची रीत तर किती जुनी! आणि वरणाचा डाग साबण लावताच लाल होतो, हे कपडे धुणारी कोणतीही बाई सांगेल.

'जितकी लाल तितकी भेसळ' हेही चूक. एकाच डब्यातली हळद खाण्याच्या सोड्यात नारिंगी-तांबूस होते, चुन्याच्या निवळीत गडद लाल. फरक आम्लारीच्या जोराचा.

तळाशी बसण्याचं म्हणाल तर कर्क्युमिन पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून हळद बसते. पण लेड क्रोमेट हा शिशाचा विषारी पिवळा रंगही पाण्यात विरघळत नाही, तोही बसतोच. मेटानिल यलो हा भेसळीचा दुसरा, कृत्रिम पिवळा रंग, तो सोड्याने लाल होत नाही. तो तीव्र आम्लात गुलाबी-जांभळा होतो, आणि ती चाचणी मुलांच्या हाती द्यायची नाही. शिशासाठी तर प्रयोगशाळाच गाठावी लागते. म्हणजे हा व्हिडिओ चांगल्या हळदीला बदनाम करतो आणि खरी भेसळ त्याला सापडतच नाही.

पुतणीची शेवटची शंका मात्र रास्त होती: रात्रभर चुन्यात ठेवलेली हळद लिंबाने पुरती पिवळी का झाली नाही? तीव्र आम्लारीत कर्क्युमिन हळूहळू तुटतं. तुटलेला रेणू लिंबाने जुळत नाही.