पदवी घ्यावी, पण तिथेच

भाचीला पत्रकारितेत एमए करायचं आहे. त्यावर घरच्यांची दोन मतं आहेत आणि दोन्ही ऐकून माझं डोकं तापतं. पहिलं, ‘टिळक-आगरकरांनी कुठे पत्रकारितेची पदवी घेतली होती?’ दुसरं, ‘घ्यायचीच असेल तर मामासारखी परदेशात घे.’ तो मामा मी. ब्रिटनमध्ये पत्रकारिता शिकलो आणि इथेच बातमीदार झालो.

टिळक एलएलबी होते आणि आगरकर एमए, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. एवढी शिकलेली माणसं असूनही कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्धची पत्रं छापल्यावरून त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला. पत्रं बनावट निघाली आणि १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्यांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. पण हाती आलेला कागद खरा की खोटा, हे छापण्याआधी कसं तपासायचं ही शिकायची गोष्ट आहे आणि ती शिकवता येते.

ब्रिटनमध्येही पूर्वी पोरं थेट गावच्या पेपरात उमेदवारी करत. कार्डिफला अभ्यासक्रम सुरू झाला १९७० मध्ये, लंडनच्या सिटी विद्यापीठात १९७६ मध्ये. आता स्थानिक पेपरांना नवखी माणसं घडवायला फुरसत नाही, ते काम विद्यापीठांवर आलं आहे. आमच्याकडून मिनिटाला १०० शब्दांचं टीलाइन, म्हणजे इंग्रजी लघुलेखन, घोटून घेतलं, कारण कोर्टात परवानगीशिवाय रेकॉर्डिंग चालत नाही. अल्पवयीनांच्या यूथ कोर्टातल्या मुलाचं नावच काय, शाळेचं नावही द्यायचं नाही, हे अंगवळणी पडेपर्यंत सुटका नव्हती. बलात्कार पीडितेची ओळख उघड करू नये हा कायदा आपल्याकडेही आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा बजावला. तरी चॅनलवर तिची गल्ली दिसते, घर दिसतं, रडणारी आई दिसते. ते बघताना मला शरम वाटते, आणि ती लांबून बघणाऱ्याची शरम नाही.

मी असं बोललो की इथल्या पत्रकारांनी लोकांचे फोन हॅक केल्याचं उदाहरण माझ्या तोंडावर फेकलं जातं. ते झालंच होतं. पण त्यापायी ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हा १६८ वर्षांचा पेपर २०११ मध्ये बंद झाला, त्याचा माजी संपादक तुरुंगात गेला. भारतात असं कधी झालं, ते कुणी मला सांगत नाही.

दुसरं मत मला जास्त घातक वाटतं. मी शिकलो तो कायदा इंग्लंड आणि वेल्सचा. इथे बदनामीचा फौजदारी गुन्हा २०१० मध्येच रद्द झाला. भारतात तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेसकट, आणि त्याआधीची तशीच तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये वैध ठरवली होती. इथली पदवी घेऊन परतलेल्या मुलीला तालुक्याच्या कोर्टातून समन्स आलं, तर माझं टीलाइन तिच्या काय कामाचं? सातबारा कसा वाचायचा, पंचनाम्यात काय शोधायचं, जिल्हा परिषदेतला कोण माणूस खरं सांगतो, हे इथे कोण शिकवणार?

मी परतलो नाही, म्हणून माझं निभावलं. बांधकामांना परवानगी देणाऱ्या इथल्या प्लॅनिंग कमिटीत कोण कशाला विरोध करणार, हे मी अजेंडा न उघडता सांगू शकतो. माझ्या जुन्या प्रभागाबद्दल विचाराल, तर मला काहीच ठाऊक नाही. मराठीत माझी एकही बातमी कुठे छापून आलेली नाही. घरच्यांना माझ्या पदवीचा अभिमान वाटतो, पण त्यांच्यापैकी कुणीही माझं लिहिलेलं वाचत नाही. इथल्या वाचकाला तर बातमीवरचं नावच नीट उच्चारता येत नाही. हे मला बोचतं, अजूनही.

म्हणून भाचीला म्हटलं, पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट असो की दुसरा कुठला विभाग, अर्ज भरण्याआधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठ. तुम्हाला कोर्टात किती वेळा बसवलं, माहिती अधिकाराचे अर्ज करायला लावले का, तुम्ही लिहिलेल्या बातमीवर लाल शाई कुणी ओढली, हे विचार. गप्प बसले, तर तो विभाग सोड आणि पुढचा बघ.