खुलासा : बंद पडला तो गूगल रीडर, आरएसएस नव्हे

'गूगलने २०१३मध्ये आरएसएस बंद केलं, आता फीडवर बातम्या मिळत नाहीत' असा दावा फिरतो आहे. तो चुकीचा आहे. आरएसएस म्हणजे इथे संघटना नव्हे, तर साइटवर नवं काय आलं ते फीड नावाच्या यादीतून कळवायची पद्धत. १ जुलै २०१३ रोजी बंद झाला तो गूगल रीडर, म्हणजे फीड वाचायचं एक साधन. आरएसएस गूगलचं नव्हतंच. त्याची पहिली आवृत्ती नेटस्केप या ब्राउझर कंपनीने १९९९मध्ये आणली. पेपरवाल्याने लाइन सोडली म्हणून छापखाना बंद पडत नाही.

फीड ही वृत्तस्थळाने स्वतःच ठेवलेली एक्सएमएल (यंत्राला वाचता येईल अशा मांडणीची) फाइल असते : ताजे मथळे, दुवे, वेळ. कुठलाही रीडर, म्हणजे फीड वाचायचं ॲप, ती ठरावीक अंतराने तपासतो आणि नवं आलेलं दाखवतो. त्यासाठी वृत्तस्थळाला ईमेल द्यावा लागत नाही. पॉडकास्टचे नवे भागही बहुधा याच मार्गाने तुमच्या फोनवर येतात, हे दावा पुढे ढकलणाऱ्यांच्या गावीही नसतं!

तथ्य इतकंच, की फीडचं नारिंगी चिन्ह अनेक साइटवरून गेलं आणि फायरफॉक्स ब्राउझरनेही २०१८मध्ये फीड वाचायची अंगभूत सोय काढली. फीडली, इनोरीडर किंवा थंडरबर्ड यांपैकी एखादं फीड वाचायचं साधन घेऊन काम भागतं. मात्र काही फीड फक्त मथळा आणि दोन ओळी देतात. पूर्ण बातमीसाठी साइटवर जावंच लागतं.